भाड्याची पावती

मेन राज्यातलं आमचं गाव. कागदाची गिरणी बंद पडली,
वास मात्र अजून नदीवर तरंगतो.
सोमवारी मी लायब्ररीच्या मागच्या टेबलाशी बसते,
लोकांचे फॉर्म भरून देते.
लुसिअन उएलेट आला तेव्हा टोपीवर बर्फ होता,
मागून त्याची बहीण क्लोडेट, वॉकर सरकवत,
आणि दोघांच्या हातात एकाच खात्याची दोन पत्रं.

"अपंग दोघंही," तो म्हणाला,
"मग तिलाच इतके प्रश्न का? मला कुणी काही विचारत नाही."

मी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली.

डावीकडे लुसिअन.
सव्वीस वर्षं गिरणीत, दर पगारातून थोडं कापून गेलेलं,
मणका निकामी झाला तेव्हा तेच परत येतंय.
विमाच म्हण.
पहिले पाच महिने कोरडे गेले, दवाखान्याचं कार्ड त्यानंतर दोन वर्षांनी,
पण बँकेत किती आहेत, अंगणात होडी कुणाची,
हे विचारायला कुणी येणार नाही.

उजवीकडे क्लोडेट.
पाय जन्मापासून आखडलेले,
पगाराची चिठ्ठी आयुष्यात एकदाही नाही.
तिला मिळतं ते गरजेपोटी,
आणि गरज ही अशी चीज, की ती सारखी दाखवत राहावी लागते.
नावावर दोन हजार डॉलरच्या वर गेलं, की त्या महिन्याचं बंद.
चर्चच्या जत्रेत विणलेले हातमोजे विकले, तर कळवायचं.
भावाच्या छपराखाली फुकट राहिली, तर त्याचंही कापणार.

"माझे तिसऱ्या बुधवारी येतात, तिचे एक तारखेला,"
लुसिअन म्हणाला. "मला वाटायचं, तारखेचाच फरक."

क्लोडेट इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती.
"पहाटे साडेचारला याचा डबा कोण भरायचं?" तिनं विचारलं.
"सव्वीस वर्षं. एका हातानं ओट्याला धरून.
ते कुठल्या बाजूला लिहितेस?"

मी पेन्सिल फिरवत राहिले.
कागदावर जागा भरपूर होती.

मग तिनंच विषय बदलला:
"काहीच साठवायचं नाही का मी?"
नियम वाचून दाखवले. कबरीची जागा चालते.
अंत्यविधीसाठी वेगळे ठेवलेले पंधराशे चालतात.
ती इतकी हसली, की शेल्फाआडून म्हातारा ग्रेगॉयर डोकावला.
"म्हणजे मरायची मुभा आहे. बरं झालं, विचारलं ते!"

लुसिअनला हसू आलं नाही.
तो कापायच्या रकमेवर बोट ठेवून बसला होता.
सख्ख्या बहिणीकडून भाडं घे, असं सांगायला
मला दोनदा घसा खाकरावा लागला.
रीतसर घे, म्हटलं. खर्चातला तिचा वाटा. पावती दे. तारीख घाल.

"आईच्या घरात?" तो म्हणाला.
घर आईनं त्याच्या नावावर केलं होतं. तेव्हा सोयीचं वाटलं असणार.

मार्चमध्ये तो पहिली पावती दाखवायला आला.
गिरणीतल्या हजेरीपत्रकासारखं अक्षर, जाड, तिरपं:
*क्लोडेट उएलेटकडून मिळाले. भाडं. आभारी आहे.*
"आभार घालायची गरज नाही," मी म्हटलं.
"ते मी नाही घातले. तिनं घालायला लावले."

दर महिन्याचे ते पैसे तो कॉफीच्या डब्यात टाकतो,
डबा फ्रिजवर, वॉकर धरून उभं राहिलं की नेमका नजरेसमोर.
क्लोडेट तिकडे बघत नाही.
"बघितलं तर माझे होतील," म्हणते,
आणि लोकर गुंडाळत बसते.